पणजी गिरणीत होती की खाणावळ चालवायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांची पणजी संगमेश्वराजवळच्या एका गावची. १९१८ च्या मानमोडीच्या तापात, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या साथीत, नवरा गेला आणि ती दोन मुलांना घेऊन मुंबईला आली. काका सांगतात, ती परळकडे एका गिरणीत कामाला होती. आत्या म्हणते, छे, ती खाणावळ चालवायची, कामाला म्हणून कधी बाहेर पडलीच नाही. घरात कागद एकही नाही. तर खरं कोणाचं मानायचं? आणि त्याला जोडून दुसरा प्रश्न: गिरण्या आल्या तेव्हा बायकांना काम मिळालं, की होतं ते काम गेलं? त्यांनी दोन्ही मतं वाचली आहेत.

मी पंचवीसेक वर्षं गिरणगावातल्या बायकांच्या कामाचा इतिहास अभ्यासते आहे. त्यातला निम्मा वेळ जुन्या अहवालांत गेला आणि निम्मा चाळीतल्या म्हाताऱ्या बायकांसमोर बसून. तेव्हा आधीच सांगून टाकते की तुमचे काका आणि आत्या दोघंही खरं बोलत असावेत, असं मला वाटतं. पण तसं का वाटतं हे सांगायचं तर तुमच्या दुसऱ्या प्रश्नातून जावं लागेल, कारण दोन्ही प्रश्न एकाच जागी अडलेत. ‘काम’ कशाला म्हणायचं, ते कोणी ठरवलं, इथे.

सुरुवातीच्या वर्षांत मीही इथेच चुकत होते. समोरच्या आजींना विचारायचे, “तुम्ही काम करत होता का?” त्या म्हणायच्या, “नाही गं, मी घरीच.” मी वहीत लिहायचे, गृहिणी. एकदा डिलाईल रोडच्या चाळीत असंच लिहून मी उठले, तेव्हा आजींनी मोरीकडे हात करून सांगितलं, “तिथे उभं राहून चौदा ताटं घासायचे, दोन वेळा.” चौदा कोणाची? गावाकडचे पुरुष, महिन्याच्या पैशांवर जेवणारे. तीस वर्षं त्या बाईंनी चौदा माणसांना दोन वेळा जेवू घातलं, त्या पैशांवर घर चाललं, मुलगा शिकला, आणि माझ्या वहीत त्या ‘घरीच’ होत्या. त्या दिवसानंतर मी तो प्रश्न सोडून दिला. आता विचारते, पहाटे किती वाजता उठायचात, भाकऱ्या किती थापायचात, पाणी कुठून आणायचात, पगाराच्या दिवशी पैसे कोणाकोणाकडून यायचे. मग काम आपोआप बाहेर येतं.

माझी चूक एकटीची नव्हती. ब्रिटिश काळातल्या जनगणनेत माणसं ‘प्रत्यक्ष काम करणारी’ आणि ‘आश्रित’ अशा दोन रकान्यांत वाटली जात. बाई शेतात राबली, घरच्या मागावर कांड्या भरल्या, चार माणसांचं जेवण विकलं, तरी बहुतेक वेळा प्रगणकाला उत्तर द्यायला दारात पुरुष उभा असे आणि ती आश्रितांत जाई. १९३१ च्या जनगणनेत ‘काम करणारे आश्रित’ असा एक मधला वर्ग काढावा लागला. ते दोन शब्द शेजारी ठेवून वाचले की मला अजूनही राग येतो, पण निदान काहीतरी निसटतंय एवढी कबुली त्यात आहे. सांगायचं हे, की बायकांचं काम वाढलं का कमी झालं याचे आकडे पाहताना तो रकाना कोणी आखला हे आधी पाहावं लागतं.

आता क्रमाने. गिरणीच्या आधी काय होतं?

आधी सूतकताई होती. एका विणकराला पुरेसं सूत पुरवायला अनेक कातणारे हात लागत आणि ते हात बहुतेक बायकांचे असत. शेतातून, स्वयंपाकातून मोकळा झालेला वेळ चरख्यावर जायचा. विधवेला तर तो मोठाच आधार, कारण त्यासाठी कोणाच्या दारात उभं राहावं लागत नसे. १८२० नंतर लँकेशायरचं यंत्रावरचं सूत हिंदुस्थानात येऊ लागलं आणि हे काम हळूहळू संपलं. विणकर तगले, कारण त्यांना स्वस्त सूत मिळालं. कातणाऱ्या बायका तगल्या नाहीत. विणकरांच्या हालांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. कातणारीबद्दल कमी, कारण तिचं काम ‘फावल्या वेळचं’ मानलं गेलं होतं. म्हणजे औद्योगिक भांडवलशाहीने इथल्या बाईला पहिल्यांदा गाठलं ते काम काढून घेऊन, आणि तेही मुंबईत एक धुराडं उभं राहायच्या आधी.

मुंबईची पहिली सूतगिरणी कावसजी नानाभाई दावर यांची. १८५४ मध्ये कंपनी निघाली आणि १८५६ मध्ये ताडदेवला सूत निघू लागलं. पुढच्या चाळीस वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, चिंचपोकळी हा सगळा पट्टा गिरण्यांनी भरला. पण बायकांच्या कारखान्यातल्या कामाचं सगळ्यांत कठोर रूप मला मुंबईत दिसत नाही, खानदेशातल्या जिनमध्ये दिसतं. कापसातून सरकी काढण्याचं हे काम हंगामी, आणि यंत्रापुढे बसणाऱ्या बहुतेक बायकाच. १८८० च्या दशकात फॅक्टरी कमिशनपुढे जी साक्ष झाली तिच्यात साध्या दिवसाचं वर्णन असं आहे: इंजिन पहाटे चार-पाचला सुरू होतं, ते रात्री नऊ-दहापर्यंत. गर्दीच्या दिवसांत रात्रंदिवस. माणूस पुढे रेटूच शकत नाही असं झालं की बदलायचं. आणि हे बेकायदा नव्हतं. १८८१ चा फॅक्टरी कायदा शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या आणि वर्षातून चार महिन्यांपेक्षा जास्त चालणाऱ्या कारखान्यांपुरता होता, त्यामुळे बरेचसे जिन त्यातून सुटत. शिवाय त्या कायद्याने फक्त मुलांचे तास बांधले. प्रौढ बाईचे नाही.

जिनवर जास्त रेंगाळत नाही, तुमची पणजी कोकणातली. पण ‘गिरणी’ म्हटल्यावर मुंबईच तेवढी डोळ्यांपुढे येते, म्हणून सांगितलं.

आता मुंबईची गिरणी. घरात ‘आजी साच्यावर होती’ असं कोणी सांगत असेल तर जरा थांबून विचारा, कोणत्या खात्यात. साचा म्हणजे माग या अर्थाने असेल तर ते बहुधा चुकीचं आहे. मुंबईत कापड विणायचं साळखातं पुरुषांचं होतं. बायका असत दोन खात्यांत मुख्यतः, रिळिंग आणि वाइंडिंग. थोड्या इतरत्र, कचरा वेचण्यासारख्या कामांत. मात्र घरात कुठल्याही यंत्राला साचा म्हणण्याची पद्धत आहे, त्यामुळे शब्दावरून लगेच निकाल देऊ नका.

रिळिंग म्हणजे बॉबिनवरचं सूत फाळक्यावर, म्हणजे सूत गुंडाळायच्या चौकटीवर, घेऊन त्याच्या लडी करायच्या. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मुंबईच्या गिरण्यांचं सूत मोठ्या प्रमाणावर चीनला जात होतं आणि उरलेलं देशातल्या हातमागांना. दोन्हीकडे सूत लडीतच जायचं. म्हणून रिळिंगला बायका भरपूर लागत. इथे एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही: गावातल्या चरख्यावरून ज्या बाईचं काम गेलं, तिचीच मुलगी किंवा नात मुंबईत येऊन त्याच हातमागांसाठी लडी काढत होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत चीनचा व्यापार जपानी स्पर्धेने मोडला, गिरण्या सूत विकण्याऐवजी स्वतःच कापड विणू लागल्या आणि रिळिंग आक्रसलं. त्याच वेळी वाइंडिंग वाढलं, कारण मागाला ताण्यासाठी, म्हणजे कापडातल्या उभ्या धाग्यांसाठी, सूत मोठ्या बॉबिनवर भरून द्यावं लागतं. तुमची पणजी १९१९ च्या सुमारास गिरणीत लागली असेल, तर मी वाइंडिंग खातं धरून चालेन. दिवसभर उभं राहून फिरत्या बॉबिनवर नजर ठेवायची, सूत तुटलं की टोक पकडून गाठ मारायची. किती सूत भरलं त्यावर पैसे. उक्तं काम.

बायकांना हीच खाती का? मालकांचं, आणि पुढे कामगार पुढाऱ्यांचंही, ठरलेलं उत्तर असे: बायकांची बोटं नाजूक, काम हलकं. हे उत्तर तपासायला सोपं आहे. लँकेशायरमध्ये यंत्रमाग चालवणाऱ्यांत बायका पुरुषांपेक्षा जास्त होत्या. जपानच्या सूतगिरण्यांत कातण्याच्या खात्यात बहुसंख्य तरुण मुली होत्या. यंत्रं तीच, काही तर त्याच इंग्लिश कंपन्यांची. म्हणजे माग पुरुषाचा आणि बॉबिन बाईची हे बोटांनी ठरवलेलं नाही. मुंबईत साळखात्यात पैसे चांगले होते, आणि ते खातं पुरुषांनी, त्यातही ठरावीक जातींच्या पुरुषांनी, आपल्याकडे ठेवलं. धोट्यातला (मागावर आडवा धागा नेणाऱ्या नळीतला) धागा तोंडाने ओढावा लागतो, विटाळ होतो, या कारणाखाली दलित पुरुषांनाही तिथे शिरू देत नव्हते. डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न उघडपणे मांडला. बाईला बाहेर ठेवणं आणि दलिताला बाहेर ठेवणं या दोन्हींचा एकच परिणाम होता, चांगल्या पगाराची जागा मोजक्यांकडे राहणं, आणि म्हणून त्या मला एकत्र वाचाव्याशा वाटतात.

पगार पुरुषाच्या निम्म्याच्या आसपास. याचं एक कारण उक्त्याचे दर कमी, आणि दुसरं वेळ. रिळिंग-वाइंडिंगच्या बायका बऱ्याचदा पहाटेच्या भोंग्याला आत नसत. घरचा स्वयंपाक करून, मुलांचं आवरून त्या उशिरा येत आणि पुरुषांच्या आधी निघत. उक्तं काम असल्यामुळे गिरणीला ते चालायचं. जेवढं कमी सूत तेवढे कमी पैसे. सरकारी अहवालांत याचा उल्लेख ‘बायकांना दिलेली सवलत’ अशा सुरात येतो. मी त्याचा अर्थ वेगळा लावते. तिच्या घरच्या कामाचे तास तिच्याच पगारातून कापून घेतले जात होते.

कामावर घेणं आणि काढणं नायकिणीच्या हातात. पुरुषांच्या खात्यात जसा जॉबर, म्हणजे माणसं भरणारा मुकादम, तशी बायकांच्या खात्यात नायकीण. जागा मिळवायला तिला दस्तुरी, म्हणजे वरचे पैसे, द्यायची, टिकवायला पुन्हा द्यायची. व्हिटली आयोग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मजूर आयोगाने १९३१ च्या अहवालात या पद्धतीवर कडक टीका केली आणि सुशिक्षित बायका देखरेखीला नेमाव्यात असं सुचवलं. टीका रास्तच होती. पण ज्यांच्या आईने नायकिणीच्या हाताखाली काम केलं अशा बायकांकडून मी ऐकलं, त्यात नायकीण पैसे खाणारी असते आणि बाळंतपणात धावून येणारीही असते, अडीनडीला उसने देणारी असते आणि त्याचं व्याज घेणारीही. गावाहून आलेल्या विधवेला मुंबईत ओळखीचं दार तेवढंच. तुमची पणजी गिरणीत लागली असेल तर ती जवळजवळ नक्की अशाच एखाद्या ओळखीच्या, बहुधा गावाकडच्या, बाईचा हात धरून. घरात एखादी ‘मावशी’ नात्यात कुठेच बसत नसेल, तर तिच्याबद्दल जरूर चौकशी करा.

विधवा असणं हा तुमच्या कहाणीतला महत्त्वाचा धागा आहे. गिरणीत जाणाऱ्या बायकांत विधवा आणि टाकलेल्या बायका पुष्कळ असत. ज्यांचा नवरा कमावत होता त्याही असत, कारण एका पगारात मुंबईत कुटुंब राहणं कठीण होतं. पण कोकणातली बहुतेक कुटुंबं मुंबईत राहतच नव्हती. पुरुष इथे, बायको गावाला. १९२१ साली मुंबईत हजार पुरुषांमागे बायका पाचशे-सव्वापाचशे. उलट रत्नागिरी जिल्ह्यात बायका पुरुषांपेक्षा जास्त. गावाला राहिलेली बाई भाताची लावणी करायची, गुरं बघायची, म्हाताऱ्यांचं करायची, मुलं वाढवायची. पुरुष आजारी पडला, संप झाला, गिरणीने काढलं, की परत जायची जागा तीच. मनीऑर्डर मुंबईहून गावाला येते एवढंच आपण पाहतो. गावातलं तांदूळ, गावातली सेवा, गावात वाढलेला पुढचा कामगार, हे उलट दिशेने मुंबईला जात होतं आणि त्याची पावती कुठेच फाडली जात नव्हती. गिरणीमालकाला एवढ्या कमी पगारावर माणूस मिळत होता तो यामुळे. मला विचाराल तर मुंबईच्या कापडधंद्याचा सगळ्यांत मोठा बायकांचा वर्ग गिरणीच्या आत कधी नव्हताच. तो सावंतवाडीपासून साताऱ्यापर्यंत शेतांत पसरलेला होता.

आता कायद्यांबद्दल, कारण ‘संरक्षक कायद्यांनीच बायकांना घालवलं’ असं एक मत तुम्ही वाचलं असणार.

१८९१ च्या कायद्याने बायकांना दिवसाला जास्तीत जास्त ११ तास आणि मध्ये दीड तास विश्रांती ठरवली, आणि रात्रीच्या कामावर बंदी आणली. पुरुषांच्या तासांना त्यात मर्यादा नव्हती; कापडगिरण्यांत ती १९११ मध्ये आली, १२ तासांची. १८९१ च्या कायद्यामागे दया कमी आणि लँकेशायरच्या मालकांचा दबाव जास्त होता; त्यांना मुंबईचं स्वस्त सूत नको होतं. पण त्यात इथल्या कामगारांचा काहीच हात नव्हता हेही खरं नाही. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे १८८४ पासून साप्ताहिक सुट्टीसाठी सह्या गोळा करत होते. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीला दहाएक हजार कामगारांची सभा झाली आणि तिथे दोन गिरणीकामगार बायका उभ्या राहून बोलल्या. त्याच वर्षी जूनमध्ये मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्या सभेचा विचार करताना मला नेहमी वाटतं की दहा हजार माणसांपुढे बोलायला उठलेल्या त्या दोघी सकाळी घरचं सगळं उरकून आल्या असतील.

मग बाळंतपणाचा कायदा. आधीची स्थिती समजली तरच त्याचं मोल कळेल. बाळ घरी ठेवायला कोणी नसे, गिरणीत पाळणाघर क्वचितच. त्यामुळे बाळाला बाळगोळी द्यायची, म्हणजे अफू, आणि झोपवून कामावर जायचं. १९२२ मध्ये सरकारने बायकांच्या स्थितीची पाहणी करायला डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांना नेमलं. गिरणीकामगार बायकांच्या जवळपास सगळ्याच तान्ह्या मुलांना अफू दिली जाते असं त्यांनी नोंदवलं. हे वाचून त्या आयांना बोल लावणं सोपं आहे. पण मालकाने, सरकारने, नगरपालिकेने त्यांच्यापुढे दुसरा कोणता रस्ता ठेवला होता, ते दाखवावं आणि मग बोलावं.

इथे आकड्यांबद्दल एक सावधगिरी. मुंबईचा १९२१ चा बालमृत्यूचा दर हजारी सहाशेहून जास्त दिलेला सापडतो. भयंकरच आहे, पण जसाच्या तसा वापरू नका. पुष्कळ बायका बाळंतपणाला गावी जात. जन्म तिकडे नोंदला जाई, आणि बाळ मुंबईत येऊन दगावलं तर मृत्यू इथे. त्यामुळे दर फुगतो. एका खोलीत राहणाऱ्यांत मुलं सगळ्यांत जास्त मरत होती, हे मात्र त्या नोंदींतून स्वच्छ दिसतं.

कामगार पुढारी ना. म. जोशींनी मध्यवर्ती कायदेमंडळात १९२४ मध्ये बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक मांडलं होतं, ते नामंजूर झालं. मुंबई प्रांतात कौन्सिलचे, म्हणजे प्रांताच्या कायदेमंडळाचे, सभासद आसवले यांनी विधेयक आणलं, १९२८ मध्ये आंबेडकरांनी तिथे त्याला पाठिंबा दिला, आणि १९२९ मध्ये कायदा झाला. रोज ८ आणे, खर्च मालकाचा. देशातला हा असा पहिला कायदा. यानंतर काही मालक लग्न झालेल्या बायका घ्यायला नाखूश झाले, हे खरं आहे. रात्रपाळीची बंदीही १९३० च्या दशकात बोचू लागली, कारण गिरण्या दोन पाळ्यांत चालू लागल्या आणि रात्री वाइंडिंगला पुरुष बसवले गेले.

तरीसुद्धा ‘कायद्याने घालवलं’ हे मत मला पटत नाही. त्याच वर्षांत मालकांनी कमी माणसांत जास्त काम काढायची योजना रेटली होती. १९२८ चा सहा महिन्यांचा संप, सुमारे दीड लाख कामगारांचा, मुख्यतः त्याविरुद्धच होता, आणि बायका त्यात दारावर पहारा देण्यापासून मोर्चापर्यंत सगळीकडे होत्या. नवी वेगवान वाइंडिंग यंत्रं आली तसे हात कमी लागले, आणि ते हात बायकांचे होते. रिळिंग आधीच आटलं होतं. कमी झालेल्या जागी माणूस ठेवायचा तर कोणता, हा प्रश्न आला तेव्हा मालकाला रात्रपाळीला चालणारा पुरुष हवा होता आणि संघटनांतल्या पुरुषांनाही ‘घर चालवणारा’ पुरुषच आधी दिसला. उषाताई डांगे, पार्वतीबाई भोर यांच्यासारख्या बायका संघटनेत होत्या, लढत होत्या, तरी बायकांच्या नोकऱ्या वाचवणं ही संघटनेची पहिली मागणी कधी झाली नाही. कायद्याने मालकाला निमित्त पुरवलं. निर्णय यंत्राच्या हिशोबाने आणि पुरुषाच्या पगारालाच घराचा पगार मानण्याच्या सवयीने घेतला. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरणीकामगारांत पाचात एक बाई होती. १९७० च्या दशकात हे प्रमाण शंभरात पाचांच्याही खाली गेलं होतं.

आणि इथे तुमच्या आत्याची गोष्ट सुरू होते.

गिरणीतून बाहेर पडलेली बाई रिकामी बसत नसे, तिला परवडतच नव्हतं. गिरणगावात हजारो पुरुष बायको गावाला ठेवून एका खोलीत दाटीवाटीने राहत. त्यांना दोन वेळचं जेवण हवं होतं. पगार महिन्याने एकदा, तोही मागचे काही दिवस हातचे ठेवून. म्हणजे नव्या माणसाला दीड-दोन महिने उधारीवर जेवू घालणारं कोणीतरी लागे. ते काम खाणावळवाल्या बाईने केलं. ती फक्त स्वयंपाकीण नव्हती, ती वाण्याची उधारी आपल्या नावावर घेऊन गिरणीकामगाराला उधार देणारी सावकारही होती. संपाच्या महिन्यांत जेवण चालू ठेवणाऱ्याही त्याच, आणि संप फसला तर बुडणाऱ्याही त्याच. या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून द्यायला प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते १९७५ मध्ये. म्हणजे तोवरची कित्येक दशकं हा सगळा व्यवहार खासगी व्याजाच्या पैशांवर चालला.

खाणावळ सगळ्यांना शक्य नव्हती, हे लक्षात ठेवा. कोण कोणाच्या हातचं जेवतो हे जातीवर ठरे. दलित बाईकडे दुसऱ्या जातीचे गिऱ्हाईक जेवायला येत नसत, त्यामुळे गिरणीतली जागा गेली की तिच्यापुढचे रस्ते मराठा किंवा भंडारी बाईपेक्षा कमी. तुमच्या पणजीला खाणावळ चालवता आली, यात तिची हिंमत आहेच, पण तिची जात आणि गावाकडच्या माणसांचा गोतावळाही आहे.

म्हणून माझा अंदाज असा: १९१९ च्या सुमारास ती आली, ओळखीने वाइंडिंगला लागली, दहा-पंधरा वर्षं काम केलं, १९३० नंतरच्या कपातीत बाहेर पडली किंवा मुलगा कमावता झाल्यावर तिने स्वतःच सोडलं, आणि मग खाणावळ घातली. काकांनी ऐकलं ते आधीचं, आत्याने पाहिलं ते नंतरचं. दोन्ही एकाच वेळी चालू असण्याचीही शक्यता आहे. आत्याने पाहिलेली बाई ‘घरीच’ होती, कारण खाणावळ घरातच होती. आता हा अंदाजच आहे. आत्यांचा जन्म कधीचा, पणजीचा मुलगा कितव्या वर्षी कामाला लागला, चाळ कोणती, यांवर तो पूर्ण बदलू शकतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही याच्यातच आहे. काम मिळालं की गेलं, असं एका शब्दात सांगता येत नाही. चरख्याचं गेलं, रिळिंगचं मिळालं, ते आटलं तेव्हा वाइंडिंगचं मिळालं, तेही गेलं तेव्हा खाणावळीचं घातलं, आणि शेतातलं सगळा वेळ चालूच होतं. कामाची जागा बदलत गेली. यांतलं सरकारी नोंदीत कामगार म्हणून दिसतं ते फक्त गिरणीतलं, तेवढी दहा-पंधरा वर्षं.

शोधायचं कसं? गिरण्यांची जुनी हजेरीपटं बहुतेक नष्ट झाली आहेत, त्यांच्यामागे वेळ घालवू नका. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९५२ चा, म्हणजे तोही पणजीच्या उपयोगाचा नाही. आजोबांच्या शाळेचा दाखला आणि मुलांच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी काढा. तिथला पत्ता चाळ सांगेल आणि चाळीवरून जवळच्या गिरण्या कळतील. खोली कोणाच्या नावावर होती ते पाहा. बाईच्या नावाची भाडेपावती सापडली तर तो मोठा पुरावा. गावाकडे फेरफार नोंदी बघा: नवऱ्यानंतर तिचं नाव जमिनीला लागलं की दिराने लावू दिलं नाही, यावरून ती मुंबईला का आली हेही कळू शकेल. मुंबईच्या मजूर कार्यालयाचं ‘लेबर गॅझेट’ १९२१ पासून निघत होतं. त्यात पणजीचं नाव सापडणार नाही, पण तिच्या खात्यातले दर, तास आणि संप सापडतील.

आणि आत्या आहेत तोवर त्यांच्याकडे जा. ‘पणजी काम करायची का’ असं विचारू नका. किती माणसं जेवायला यायची, कोणत्या पाळीचे आधी जेवायचे, हिशोब कोण लिहायचं, वाण्याचं नाव काय, पाणी किती वाजता यायचं, हे विचारा. रात्री झोपायच्या आधी तिचे पाय दुखायचे का, आणि उभं राहून राहून दुखायचे की बसून, हेही विचारा; वाइंडिंगच्या बायकांच्या आठवणींत पाय हमखास येतात. माळ्यावर घराच्या मापाहून मोठी परात किंवा काठवट असेल तर ती कुणाची ते विचारून घ्या, आणि आत्या बोलत असताना ती समोर ठेवा.